नॉर्मल बाळंतपण सिस्टरच्या हाती द्या

सोलापुरात कुणाच्या घरी बाळ झालं की तीन प्रश्न ठरलेले असतात. मुलगा का मुलगी, नॉर्मल का सिझर, आणि कुणाकडं झालं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून डॉक्टरांचं नाव येतं, नाहीतर नुसतं ‘सिव्हिलला’ म्हटलं जातं. नॉर्मल झालं असेल तर बाळाचं डोकं पहिल्यांदा ज्या हातात आलं तो हात बहुतेक वेळा सिस्टरचा असतो. डॉक्टर शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत येतात, कधी टाके घालायला येतात, कधी शेजारच्या टेबलावरच्या अवघड केसमध्ये अडकलेले असतात. यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. इंग्लंड, स्वीडन, नेदरलँड्स या देशांत सरळ बाळंतपण मिडवाइफच, म्हणजे रीतसर शिकलेली प्रसाविकाच, करते आणि तिथल्या बायकांचं त्यावाचून काही अडत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. आपल्याकडची सिस्टर हे काम रोज करते, पण स्वतःच्या जबाबदारीवर करण्याचा अधिकार तिला नाही. सोबतीला पुरेशी माणसं नाहीत. या कामाचं वेगळं पद नाही, वेगळा पगार तर नाहीच. सरळ बाळंतपण रीतसर सिस्टरकडं सोपवावं, त्यासाठी तिला नीट तयार करावं, आणि कळा देणाऱ्या प्रत्येक बाईमागं एक सिस्टर असावी, एवढंच मला म्हणायचं आहे. मी लेबर रूममध्ये नोकरी केलेली आहे आणि आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते, तेव्हा मी तटस्थ आहे असा कुणी समज करून घेऊ नये.

आधी जे चांगलं झालं ते सांगते. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जेमतेम ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ९४.७ टक्क्यांवर गेला. जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, १०८ ची गाडी आली, आणि अक्कलकोटच्या पलीकडच्या वाडीवरची बाईसुद्धा दवाखान्याच्या दारापर्यंत पोचली. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रातला मातामृत्यूचा दर लाख जिवंत जन्मांमागं ३३ होता, देशाचा ९७. हे यश लहान नाही. घरात अडलेली बाई बैलगाडीतून आणताना वाटेतच गेली, ही गोष्ट माझ्या आधीच्या पिढीतल्या सिस्टरांनी कितीदा पाहिली असेल याची मोजदाद नाही.

पण दारापर्यंत आलेल्या बाईचं आत काय होतं? देशातलं सिझरचं प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २१.५ झालं. महाराष्ट्रात २५.४. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के, म्हणजे खासगीत जवळजवळ निम्म्या बायकांचं पोट कापलं जातं. एखाद्या लोकसंख्येत सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यावर आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच सांगितलं आहे. त्याचा अर्थ अमुक एका बाईला सिझर लागणार नाही असा होत नाही. ज्या बाईला लागतं तिला ते लागतंच आणि तिथं अर्धा तासही घालवता येत नाही. पण शंभरातल्या सत्तेचाळीस जणींना ते लागतं, यावर कुठल्याही सिस्टरचा विश्वास बसणार नाही.

यावर लोकांचं उत्तर तयार असतं: डॉक्टरांना पैसा पाहिजे. पैशाचा मोह असलेले डॉक्टर आहेत, नाही असं मी म्हणणार नाही. मुहूर्त काढून आणणारी घरंही आहेत. अमावास्येच्या आधी बाळ बाहेर आलं पाहिजे म्हणून हट्ट धरणारे सासरे मी पाहिले आहेत. तरीही मला वाटतं की सिझर वाढण्याचं मोठं कारण यापेक्षा साधं आहे. बाईजवळ बसायला कुणी नाही.

पहिलटकरणीचं बाळंतपण वेळ घेतं. गर्भाशयाचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून पुढं बारा तासांपर्यंत वेळ लागला तरी ते सामान्य धरावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी सांगतात. दर तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना हिशेबही त्यांनी सोडून द्यायला सांगितला. आता सोलापुरातल्या एखाद्या गल्लीतला पंधरा खाटांचा दवाखाना डोळ्यांपुढं आणा. एकच डॉक्टरीणबाई, सकाळी आणि संध्याकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशन, घरी दोन मुलं. त्यांनी एका पेशंटसाठी बारा तास बसायचं कसं? सिझर पाऊण तासात होतं. नॉर्मलला रात्रभर जागावं लागतं आणि बिल त्याहून कमी होतं. हाताखाली जिच्या भरवशावर झोपता येईल अशी सिस्टर असेल तर डॉक्टरीणबाई थांबतात. नसेल तर रात्री अकरा वाजताच निर्णय होऊन जातो. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं.

बसणं म्हणजे स्टुलावर बसून मोबाइल बघणं नव्हे, हे नव्या मुलींना पहिल्या आठवड्यातच सांगावं लागतं. तळहात पोटावर पसरून ठेवायचा आणि घड्याळाकडं बघत राहायचं. दहा मिनिटांत किती कळा आल्या, प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, मधल्या वेळात पोट पूर्ण सैल पडतं की नाही, हे हाताला कळतं, कुठल्याही यंत्राआधी कळतं. अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकायचे, आणि कळ येऊन गेल्यानंतर लगेच ऐकायचे, कारण घसरण दिसली तर तेव्हाच दिसते. लघवी झाली का ते विचारायचं. लघवीची भरलेली पिशवी बाळाचं डोकं खाली येऊ देत नाही, आणि कित्येक ‘प्रगती नाही’ म्हणून सिझरला निघालेल्या बायका एकदा लघवीला जाऊन आल्यावर मोकळ्या झालेल्या आहेत. पाणी पाजायचं. उताणं पडून असेल तर उठवायचं, चालवायचं, कुशीवर वळवायचं, कंबर चोळायची. बाळाचं डोकं खाली येऊन बाई जोर करायला लागली की दर पाच मिनिटांनी ठोके. आणि हे सगळं चार्टवर लिहायचं.

आता एका सिस्टरकडं चार टेबलं द्या. दर पाच मिनिटांचं गणित तिथंच संपतं. आपल्याकडं यंत्रमागावर एक कामगार चार माग सांभाळतो, तसं तिला सांभाळायला लावतात. पण मागाचा धागा तुटला तर माग थांबवता येतो, कळा थांबवता येत नाहीत. मग ठोके ऐकायचे राहून जातात आणि चार्ट शेवटी एकदम भरला जातो. कुणाच्या कळा मंद वाटल्या की कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन लावून थेंब वाढवले जातात, कारण टेबल रिकामं व्हायला हवं असतं. जोराच्या कळांनी बाळ दमतं. कुणीतरी घाईत ठोके ऐकायचं डॉपलर यंत्र लावतं, ठोके नव्वदवर येतात, आणि आधीचे ठोके किती होते ते कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. अशा वेळी कुठलाही शहाणा डॉक्टर धोका पत्करत नाही. बाई थिएटरमध्ये जाते. सिझरच्या कारणाच्या रकान्यात ‘फीटल डिस्ट्रेस’, म्हणजे बाळाची घुसमट, असं लिहिलं जातं. ते खोटं नसतं, पण त्याआधी चार तास काय झालं नाही ते लिहायला त्या कागदावर रकाना नाही.

ही माझी समजूत आहे असं कुणी म्हणेल म्हणून सांगते. कळांच्या काळात बाईजवळ सतत कुणीतरी असण्याचा काय परिणाम होतो, यावरच्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं प्रसिद्ध केला. त्यात १५ हजारांहून अधिक बायका होत्या. जवळ माणूस असेल तर सरळ बाळंतपणं वाढतात, सिझर कमी होतात, कळांचा वेळ कमी होतो आणि त्या अनुभवाबद्दल नंतर वाईट बोलणाऱ्या बायकाही कमी असतात, असं त्यातून निघालं. औषध नाही, यंत्र नाही. तरीही आपल्या दवाखान्यांत नवं सोनोग्राफी मशीन येतं तेव्हा नारळ फुटतो आणि एक सिस्टर वाढवा म्हटलं की बजेट नसतं.

सोलापूरची अडचण आणखी एका पातळीवर आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, नऊ महिन्यांतल्या सात महिन्यांच्या तपासण्या हडपसर नाहीतर चिंचवडला झालेल्या, आणि आठव्या महिन्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घालून माहेरी येते. इथल्या डॉक्टरांनी तिला दोनदा पाहिलेलं असतं, सिस्टरनं एकदाही नाही. पहिली भेट होते तीच कळांमध्ये. त्यात भाषा. शहराच्या पूर्वभागातल्या पद्मशाली घरातली बाई कळ आली की तेलुगूत ओरडते, अक्कलकोट नाहीतर इंडीकडची कन्नडमध्ये, विजापूर वेशीतली दखनीत. ‘नोप्पी’ म्हटलं काय, ‘नोवु’ म्हटलं काय, दुखणं कळतं. पण आता जोर करू नको, नुसता श्वास घे, हे त्या क्षणी तिच्या भाषेत सांगता आलं तर खालचा भाग फाटण्यातून वाचतो. सोलापूरच्या जुन्या सिस्टरांना हे चारही भाषांतले शब्द पाठ असतात. कुठल्याही अभ्यासक्रमात ते नाहीत आणि त्याचे गुणही कुणी देत नाही. अशी सिस्टर तयार व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. आणि तयार झाली की तिची बदली होते डोळ्यांच्या वॉर्डात.

बदलीचा हा मुद्दा बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, म्हणून जरा थांबून सांगते. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका हे एकच पद. आज मेडिसिन, सहा महिन्यांनी सर्जरी, मग लेबर रूम, मग कॅज्युअल्टी. सगळ्यांना सगळं आलं पाहिजे आणि जड वॉर्ड कुणा एकीच्याच गळ्यात नको, असा त्यामागचा न्याय. सिस्टरांनाही तो पटतो, कारण लेबर रूम सगळ्यात जड. पण सर्जनची बदली कान-नाक-घशाच्या विभागात झाल्याचं कुणी ऐकलंय का? केंद्र सरकारनं २०१७ मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम काढला. लेबर रूममध्ये तयार झालेल्या सिस्टरला इतर वॉर्डांत फिरवू नये, हे त्या कार्यक्रमातलं एक मूळ सूत्र आहे. भिंतींना नव्या टाइल्स लागल्या, औषधं-सामानाचे सात ट्रे आले, भिंतीवर तक्ते आले. माणसं मात्र फिरतच राहिली.

कागदावर बघितलं तर सिस्टर ही आजही मिडवाइफच आहे. तीन वर्षांच्या कोर्सचं नावच जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. नोंदणी होते ती परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी. खेड्यातल्या एएनएमच्या नावातसुद्धा प्रसाविका आहे. त्याहून गंमत म्हणजे मुंबई राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, जो आजही आपल्याकडं लागू आहे, तो सांगतो की प्रसूतिगृहाला नोंदणी हवी असेल तर तिथं पात्र मिडवाइफ नेमलेली असली पाहिजे. पंचाहत्तर वर्षं झाली. आज कितीतरी छोट्या दवाखान्यांत रात्रपाळीला असते ती बारावी झालेली, डॉक्टरांनी हाताखाली तयार केलेली मुलगी. तिच्या अंगात पांढरा कोट असतो, लोक तिला सिस्टर म्हणतात. ती हुशार असते, कष्टाळूही असते. पण बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे तिनं कधी रीतसर शिकलेलं नसतं, आणि तो मिनिट शिकवण्यासाठी थांबत नाही.

रीतसर शिकलेली का मिळत नाही? कारण तिला तेवढ्या पगारात राहायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं खासगी नर्सच्या पगाराची शिफारस केली: २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका, आणि ५० हून कमी खाटांचा दवाखाना असला तरी महिन्याला २० हजारांच्या खाली नाही. सोलापुरात किती ठिकाणी २० हजार मिळतात, हे सात रस्त्यावर उभं राहून ड्यूटीवरून सुटणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा. मग ती पुण्याला जाते, आखातात जाते. आपण शिकवतो आणि दुसरी शहरं वापरतात.

सोलापूरच्या डफरीन चौकातून रोज हजारो लोक जातात. ज्या प्रसूतिगृहावरून त्या चौकाला हे नाव पडलं, त्यामागं व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये उभारलेला निधी आहे. त्या निधीच्या उद्देशांत बायकांना डॉक्टर करणं जसं होतं, तसंच नर्स आणि सुईणींना प्रशिक्षण देणं आणि त्यांना गावोगाव पुरवणं हेही होतं. पहिला उद्देश आपण बऱ्यापैकी पार पाडला. दुसऱ्याकडं तेवढ्या गांभीर्यानं कुणी बघितलं नाही, साहेबानं नाही आणि आपणही नाही.

आता सिस्टरांच्या विरुद्ध जे बोललं जातं त्याकडं येते, कारण ते टाळून हा लेख लिहिणं लबाडी होईल. लेबर रूममध्ये बायकांना शिव्या दिल्या जातात. मांडीवर चापट मारली जाते. ‘तेव्हा नाही का कळलं?’ हे वाक्य या जिल्ह्यातल्या किती बायकांनी कळा देताना ऐकलं असेल! विड्या वळणारीला ‘ए’ आणि शिक्षिकेला ‘मॅडम’, हा फरकही होतो. कळ असह्य झाल्यावर ‘सिस्टर, नको वाटायलंय आता, पोट फाडून काढा म्हणावं की’ असं म्हणणाऱ्या पोरीला मायेचा शब्द मिळेल की टोमणा, हे आत्ता निव्वळ नशिबावर आहे. पोटावर दोन्ही हातांनी दाब देऊन बाळ ढकलणं, प्रत्येक पहिलटकरणीला वाट मोठी करायला न विचारता कात्री लावणं, या गोष्टी करू नयेत असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. त्या होतात. आमच्या बाजूनं उत्तर येतं की कामाचा ताण असतो. ताण असतोच. पण त्याच लेबर रूममध्ये, तेवढ्याच टेबलांवर, एक सिस्टर आवाज न चढवता काम करते आणि दुसरी हात उगारते. तेव्हा ताणाचं कारण मला अर्धवटच पटतं. उरलेलं अर्धं कारण हे आहे की तिथं बघणारं कुणी नसतं.

त्यावरचा उपाय सरकारनं सांगून झालेला आहे. बाळंतिणीसोबत तिच्या पसंतीची एक बाई आत असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं फेब्रुवारी २०१६ मध्ये दिली. आपल्याकडं आई बाहेर बाकड्यावर बसते आणि दर अर्ध्या तासानं दार ढकलून ‘काय झालं हो?’ विचारत राहते. आत घेत नाहीत याचं कारण सांगतात की एकाच खोलीत सगळी टेबलं आहेत, दुसऱ्या बायकांची लाज राहत नाही. चार पडद्यांचा खर्च किती येतो? या शहरात तर कापडाची उणीव नाही. आई आत असली की सिस्टरचा आवाज आपोआप खाली येतो. कंबर चोळायला, पाणी पाजायला दोन हात वाढतात. आणि काही वाईट झालंच, तर सगळं डोळ्यांनी पाहिलेली बाई बाहेर जाऊन जमावाला भडकवत नाही, हे माझं निरीक्षण आहे. रुग्णालयावरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण दार उघडं ठेवण्याचा उपयोग मला त्या कायद्यापेक्षा जास्त झालेला दिसतो.

डॉक्टरांचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे: सिस्टरकडं द्यायला आमची हरकत नाही, पण काही झालं तर केस आमच्यावर होते. बरोबर आहे. म्हणूनच अधिकार कागदावर हवा. आज सिस्टर बाळंतपण करते ते डॉक्टरांच्या नावावर, म्हणजे चूक झाली तर दोघंही अडकतात आणि चांगलं झालं तर तिची कुठं नोंद नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सिस्टर वेळेत डॉक्टरांना बोलावणार नाही, बाई हातची जाईल. हा धोका खरा आहे. तो कमी करायचा तर मिडवाइफचं युनिट थिएटरच्या शेजारीच हवं. रक्तदाब वाढलेली, पायाळू बाळ असलेली, जुळी असलेली, आधी सिझर झालेली बाई पहिल्यापासून डॉक्टरांकडंच जायला हवी. उरलेल्यांतही कुठल्या क्षणी हाक मारायची ते आधी लिहून ठेवलेलं हवं. केंद्राच्या डिसेंबर २०१८ च्या मिडवाइफरी मार्गदर्शक सूचनांमध्ये नेमकं हेच आहे: अनुभवी नर्सला अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण, तिला नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हे पद, आणि मोठ्या प्रसूती विभागांना लागून तिचं स्वतःचं युनिट.

तेलंगणानं तर त्याआधी, २०१७ मध्येच, हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या मदतीनं आपल्या सरकारी नर्सना मिडवाइफ म्हणून तयार करायला घेतलं. हसायचं कारण असं की २०१९-२१ च्या पाहणीत देशात सर्वांत जास्त सिझर तेलंगणातच आहेत, ६०.७ टक्के, आणि तिथल्या खासगी दवाखान्यांत तर ८१.५ टक्के. मग मिडवाइफचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. मी उलटं म्हणते: पाणी नाकाशी आल्यावर त्यांनी पोहायला शिकायला घेतलं. पूर्वभागातल्या निम्म्या घरांचे पाहुणे तिकडं आहेत, त्यांच्या सुनांची बाळंतपणं कशी झाली ते त्यांना विचारून बघा. आपण २५ टक्क्यांवर आहोत, आपल्याला तेवढी वाट पाहायची गरज नाही.

तिसरा आक्षेप सिस्टरांचा स्वतःचाच आहे, आणि तो सगळ्यात अवघड. ‘जबाबदारी वाढवून घ्यायची आणि पगार तोच? कशाला?’ माझ्या वर्गातल्या हुशार मुली हे तोंडावर म्हणतात. त्यांना मी सेवाभावाचं व्याख्यान देत नाही. १२ मेला, परिचारिका दिनी, मेणबत्त्या लावून शपथ घ्यायची आणि १३ तारखेपासून चार टेबलं एकटीनं ओढायची, हा सेवाभाव पुरेसा झाला. वेगळं पद, वेगळा भत्ता आणि वेगळी बढतीची वाट नसेल तर कुणी मिडवाइफ होऊ नये, असंच मी सांगते.

माणसं किती लागतील त्याचा हिशेब फार मोठा नाही. दर पाळीला एका लेबर टेबलामागं एक नर्स, हे प्रमाण आपल्याकडं कधीच ठरलेलं आहे. चार टेबलं, तीन पाळ्या, बारा सिस्टर. सुट्ट्या आणि रजांसाठी ३० टक्के जादा धरल्या की सोळा. आळंद, इंडी, तुळजापूर, मंगळवेढा इथून रेफर होऊन येणाऱ्या बायका जिथं येऊन थांबतात अशा शहरात सोळा सिस्टर मागणं म्हणजे चैन नव्हे.

आणि हे फक्त सिझरपुरतं नाही. बाळ झाल्यावर सगळे बाळाकडं धावतात, तेव्हा आईकडं बघणारी एकटी सिस्टर असते. बाळंतपणात जीव जातो तो सगळ्यात जास्त रक्तस्रावानं, आणि तो बहुधा त्या पहिल्या तासांत. वार ताटलीत घेऊन आधी एका बाजूनं, मग उलटी करून बघायची, एखादा तुकडा आत राहिला का ते बोटांनी चाचपायचं, पोटावर हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखं घट्ट झालंय का ते बघत राहायचं. रक्त किती गेलं ते आपल्याकडं डोळ्यांनी ठरवतात, आणि डोळे नेहमी कमी मोजतात. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आहे. दिवसभर सुपात विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगात मुळात रक्त कमी, तिला अर्धा लीटरसुद्धा झेपत नाही. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या मोठ्या अभ्यासात बाईखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं, आणि ठरलेली पाच कामं एकामागोमाग न थांबता केली. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. ही पाच कामं करणाऱ्या बहुतेक मिडवाइफच होत्या, आणि डॉक्टर येईपर्यंत त्यांना कुणाच्या सहीची वाट पाहायला लावलं नव्हतं.

सरकार हे आपणहून लवकर करेल असं मला वाटत नाही. तेव्हा सुरुवात नाव नोंदवायला जाणाऱ्या घरांनी करावी. आठव्या महिन्यात लेक माहेरी आली की दवाखान्यात जाऊन खोलीचं भाडं विचारता, एसी आहे का विचारता, त्यासोबत आणखी चार गोष्टी विचारा. रात्री लेबर रूममध्ये कोण असतं? तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी आहे का? एका वेळी तिच्याकडं किती पेशंट असतात? मुलीच्या आईला आत थांबू देणार का? पहिल्या काही जणांना ‘तुम्हाला काय करायचंय?’ असं ऐकून घ्यावं लागेल. ऐकून घ्या आणि शेजारच्या दवाखान्यात जाऊन तेच विचारा. गिऱ्हाईक हातचं गेलेलं खासगीवाल्याला परवडत नाही, दहा-वीस घरांनी विचारलं की रजिस्टर्ड सिस्टर शोधायला तेच बाहेर पडतील, आणि २० हजारही द्यायला लागतील. सरकारी दवाखान्यापुरता प्रश्न एकच आहे आणि तो आमदारांना विचारायचा आहे: चार टेबलांच्या सोळा सिस्टर कधी देता, आणि दिल्यावर त्यांना तिथंच ठेवणार ना?